रान तोडून काजू लावली, झाडं तर आहेतच. मग पऱ्या जानेवारीत का आटतो?

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वाडीच्या वरच्या अंगाला पन्नासेक हेक्टरांचं रान होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी ते तुटलं, जेसीबीने टप्पे पाडले गेले आणि तिथे काजू लागली. वाडीचा पऱ्या, म्हणजे लहान ओढा, पूर्वी मेपर्यंत बारीक का होईना, पण वाहायचा. आता जानेवारीतच कोरडा पडतो आणि पावसात मात्र साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) बुडवून जातो. "झाडं तर आजही आहेत, डोंगर हिरवाच दिसतो. मग पाणी गेलं कुठे? आणि आणखी झाडं लावली तर ते परत येईल का?"

पाणी गेलं कुठे, याचं निम्मं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. साकव बुडवून गेलं ते तुमचं उन्हाळ्याचं पाणी. उरलेलं निम्मं उत्तर काजूच्या मुळांशी आहे, आणि ते जरा सावकाश समजून घ्यावं लागेल. पंचवीसेक वर्षं मी सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर झरे आणि ओढे मोजतो आहे. 'झाडं लावा, पाणी येईल' असं मी स्वतः अनेक ग्रामसभांमध्ये सांगितलं आहे. आता सांगत नाही. ते पूर्ण खोटं नाही, पण अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणाची किंमत डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बायका मोजतात.

आधी हिशेब करू. पन्नास हेक्टर म्हणजे पाच लाख चौरस मीटर. तुमच्याकडे वर्षाला ३,५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर तेवढ्या डोंगरावर पडणारं पाणी होतं १७५ कोटी लिटर. आता उन्हाळ्यातला पऱ्या बघा. पंधरा लिटरची बादली तीस सेकंदांत भरेल एवढी धार धरू, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. दिवसाला ४३,२०० लिटर झाले. जलजीवन मिशनचं माणशी ५५ लिटरचं माप लावलं तर एवढ्यात सुमारे ७८५ माणसांचं भागतं. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत ती धार एकूण ५२ लाख लिटर पाणी देते. १७५ कोटींतले ५२ लाख म्हणजे ०.३ टक्के. पावसाच्या मापात बोलायचं तर ३,५०० मिलिमीटरपैकी जेमतेम १० मिलिमीटर.

वाडीचा सगळा उन्हाळा या दहा मिलिमीटरवर उभा असतो. म्हणूनच डोंगरावरच्या जमिनीचा वापर थोडा बदलला तरी नदीच्या वर्षभराच्या आकड्यात काही दिसत नाही आणि मार्चमधला पऱ्या मात्र संपतो. रान तोडल्यावर नदीचं पाणी वाढतं की घटतं, असं मला विचारलं की मी आधी महिना विचारतो. जुलैचं उत्तर वेगळं, एप्रिलचं वेगळं, आणि वर्षाच्या बेरजेचं त्याहून वेगळं.

डोंगर म्हणजे एक मोठा रांजण समजा. त्याचं तोंड म्हणजे वरची वीतभर माती. पोट म्हणजे तिच्याखालचा मुरूम, कुजका खडक आणि खडकातल्या भेगा. तळाजवळ एक बारीक भोक आहे, तो तुमचा झरा. आणि वरून पोटात सोडलेली मुळं त्याच रांजणातलं पाणी पितात. आपल्याकडे नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. रांजण भरायचा तो तेवढ्यातच, आणि भोकातून पाणी यायला हवं पुढचे आठ महिने. तोंड बुजलं तर रांजण भरत नाही. पिणारे वाढले तर भोकापर्यंत पाणी पोचत नाही. तुमच्या डोंगरावर दोन्ही झालेलं दिसतं.

तोंडापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं आहे. जुन्या रानात खाली पातेऱ्याचा, म्हणजे गळलेल्या पानांचा, जाड थर असतो. थेंब पानांवर, मग पातेऱ्यावर पडून जमिनीला लागतो तेव्हा त्याचा मारा उरलेला नसतो. त्याखालची माती भुसभुशीत, गांडुळांनी आणि वाळवीने पोखरलेली, खेकड्यांच्या बिळांनी भरलेली असते. मेलेल्या मुळांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. अशी माती तासाला शंभर मिलिमीटरपेक्षाही जास्त पाणी सहज गिळते. सह्याद्रीत एवढ्या जोराचा पाऊस क्वचित पडतो, आणि पडला तरी थोडाच वेळ. त्यामुळे चांगल्या रानात श्रावणाच्या सरीतही उतारावरून वाहणारं पाणी फारसं दिसत नाही. ओढा फुगतो तो बहुतांशी जमिनीतून आलेल्या पाण्याने, म्हणून त्याचं पाणी पटकन निवळतं.

आता काजूच्या टप्प्यावर चला. जेसीबीने उताराच्या पोटात घाव घातला तेव्हा वरची माती खाली ढकलली गेली आणि मुरूम उघडा पडला. यंत्राच्या वजनाने तो दाबला गेला. काजूची बी पडल्यावर वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालची जमीन चकचकीत ठेवतात. पावसाळ्याच्या शेवटी तणनाशक मारायचं, पालापाचोळा झाडून जाळायचा. ज्या महिन्यांत जमिनीला पांघरूण हवं, त्याच महिन्यांत ती उघडी राहते. पहिला वळीव उघड्या मातीवर आपटला की बारीक कण मातीची भोकं बुजवतात आणि वर पापडी धरते. दाबलेल्या, पापडी धरलेल्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटरांवर येतो. मग साधी सरसुद्धा मुरत नाही, वाहून जाते. लांबून डोंगर हिरवा दिसतो, कारण आपण वरून पानं बघतो. पाण्याला मात्र पानांखालची जमीन लागते.

त्यात रस्त्याची भर पडते. बागेपर्यंत गाडी जावी म्हणून केलेला कच्चा रस्ता हा डोंगरावरचा सगळ्यात वाईट बदल, असं माझं मत आहे. क्षेत्र नगण्य असतं, म्हणून त्याकडे कोणी बघत नाही. पण उतार कापून काढलेल्या रस्त्याच्या आतल्या भिंतीकडे ऑगस्टमध्ये बघा. तिच्यातून पाणी पाझरत असतं. ते पाणी जमिनीखालून हळूहळू रांजणाच्या पोटात चाललं होतं. रस्त्याने ते मधेच उघडं पाडलं, गटारात घेतलं आणि काही मिनिटांत पऱ्यात नेऊन सोडलं. साकव बुडतो त्यामागे अशा रस्त्यांचा वाटा मोठा असतो.

आता पिणाऱ्यांकडे येऊ. दमट उष्ण प्रदेशातलं सदाहरित जंगल वर्षाला साधारण १,००० ते १,३०० मिलिमीटर पाणी पुन्हा हवेत सोडतं. काही पानांवर अडून तिथूनच उडून जातं, काही मुळांनी ओढलेलं असतं. पावसाळ्यात ढगाळ, ओल्या हवेत झाडांची तहान कमी असते आणि पाण्याला तोटा नसतो, तेव्हाचं पिणं कोणाला जाणवत नाही. जाणवतं ते फेब्रुवारीनंतरचं. पुन्हा तुमच्या पन्नास हेक्टरांवर हिशेब करू. झाडांनी दिवसाला फक्त एक मिलिमीटर जास्त पाणी प्यायलं, तर ते होतं पाच लाख लिटर. तुमची धार होती ४३,२०० लिटरांची. म्हणजे एका मिलिमीटरची जादा तहान उन्हाळ्यातल्या पऱ्याच्या अकरा-बारा पट आहे. हे सगळं पाणी झऱ्याच्याच वाट्याचं असतं असं नाही. वरच्या उतारावरची झाडं बरंचसं पाणी मातीतल्या अशा ओलाव्यातून घेतात, जो झऱ्यापर्यंत कधी आलाच नसता. पण पऱ्याच्या काठाला आणि झऱ्याच्या डोक्यावर उभी असलेली झाडं थेट त्याच पाण्यातून पितात.

इथे झाडाची जात महत्त्वाची ठरते. आपल्या मधल्या उंचीच्या रानात ऐन, किंजळ, सावर अशी पानगळी झाडं भरपूर असतात. भर उन्हाळ्यात ती पानं टाकून बसतात, म्हणजे ज्या महिन्यात पऱ्याला पाण्याची गरज असते त्याच महिन्यात त्यांची तहान मंदावते. काजू सदाहरित, अकेशिया (आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ) सदाहरित, निलगिरीही सदाहरित. ही झाडं वर्षभर पानं धरून असतात आणि पाणी मिळेल तिथवर मुळं पाठवतात. काजूला मी वाईट म्हणत नाही. कोकणातली कित्येक घरं काजूवर चालतात. पण पानगळीच्या रानाच्या जागी काजू आली म्हणजे उन्हाळ्यातला पिणारा बदलला, हे हिशेबात घ्यायला हवं.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा निलगिरी पर्वतात मिळाला. उटीजवळ ग्लेनमॉर्गन इथे केंद्र सरकारच्या मृद व जलसंधारण संशोधन केंद्राने शेजारशेजारचे, प्रत्येकी सुमारे ३२ हेक्टरांचे दोन लहान पाणलोट निवडले. दोन्हींवर मूळची शोला (तिथली बुटकी सदाहरित रानं) आणि गवताळ कुरणं होती. काही वर्षं दोन्ही ओढे जसेच्या तसे मोजले, मग १९७२ मध्ये एकाच्या ५९ टक्के क्षेत्रावर निलगिरी लावली आणि दुसरा तसाच ठेवला. पहिल्या दहा वर्षांत लागवड झालेल्या ओढ्याचं वार्षिक पाणी सरासरी १६ टक्क्यांनी घटलं. ती झाडं कापल्यावर बुंध्यांना फुटवे येऊन दुसरी फेरी सुरू झाली, तेव्हा घट २५ टक्क्यांच्या आसपास गेली. कोरड्या दिवसांतला प्रवाह तर आणखी खालावला. तिथे तोडलेलं जंगल नव्हतं, गवत होतं. जिथे गवत जमिनीला उत्तम सांभाळत होतं तिथे झाडं लावल्याने मुरण्यात काही मिळालं नाही, पिणारे तेवढे वाढले. आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, आणि माळांवर वनमहोत्सवात खड्डे खणणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगतो.

दुसरा पुरावा आपल्या अधिक जवळचा, उत्तर कन्नड जिल्ह्यातला. माइक बोनेल, जगदीश कृष्णस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे राखलेलं जंगल, लाकूडफाट्यासाठी ओरबाडलेलं रान आणि अकेशियाची लागवड अशा तीन प्रकारच्या जमिनींखालचे लहान ओढे मोजले. जमीन, पाऊस हे बरंचसं दक्षिण कोकणाशी मिळतंजुळतं. ओरबाडलेल्या रानात पावसाबरोबर धावत सुटणारं पाणी जंगलापेक्षा जास्त निघालं, आणि जंगलातल्या ओढ्यांना पावसाळ्यानंतर अधिक काळ पाणी राहिलं. म्हणजे तिथे जंगल पीत होतं त्यापेक्षा जास्त मुरवत होतं. अकेशियाखालच्या जमिनीने जंगलाच्या जमिनीची बरोबरी साधलेली नव्हती.

ग्लेनमॉर्गन आणि उत्तर कन्नड एकमेकांच्या विरोधात नाहीत. जमीन आधी कशी होती आणि झाडं आल्यावर मुरणं जास्त वाढलं की पिणं, यावर उत्तर ठरतं. उष्ण प्रदेशातल्या डोंगरांच्या जलशास्त्रात डच शास्त्रज्ञ ब्राउनझील यांनी हा मुद्दा मांडला, आणि पुढचं बरंच संशोधन त्याच्याभोवती झालं.

एक गोष्ट तुमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा. रान तुटल्यावर पहिली एक-दोन वर्षं पऱ्याला पाणी उलट वाढलं होतं का? मला अनेक ठिकाणी 'हो' असं उत्तर मिळालं आहे, आणि लोक ते दबकत सांगतात, जणू आपण काही चुकीचं बोलतो आहोत. ते खरं असतं. बॉश आणि ह्यूलेट यांनी १९८२ मध्ये जगभरातल्या ९४ पाणलोट प्रयोगांचा आढावा घेतला. झाडं काढल्यावर एकूण प्रवाह वाढतो आणि लावल्यावर घटतो, असंच बहुतेक ठिकाणी आढळलं. पिणारे गेले आणि तोंड अजून उघडं आहे, असा तो काळ असतो. कोकणातलं बरंचसं रान खासगी मालकीचं. ठेकेदार येतो, उक्ता व्यवहार ठरतो, लाकूड खाली उतरतं. पण पूर्वी कुऱ्हाडीने कापलेल्या बुंध्याला फुटवे यायचे, मुळं जमिनीत जिवंत राहायची, पाच-सात वर्षांत रान पुन्हा जमीन झाकायचं. आता बुंधा यंत्राने मुळासकट उपटला जातो. रान तुटणं आणि जमीन उलथली जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. पाण्याच्या दृष्टीने दुसरी फार जास्त वाईट आहे.

नवी लागवड केली की नेमकं उलटं होतं. झाडं चार-पाच वर्षांत जोमाने पाणी प्यायला लागतात. मातीचं तोंड उघडायला मात्र दशकं लागतात, कारण ते काम पातेरा, गांडुळं आणि कुजणारी मुळं करतात, आणि त्यांना घाई करता येत नाही. या मधल्या वर्षांत पऱ्याचं पाणी आधीपेक्षाही कमी होऊ शकतं. माझ्या सुरुवातीच्या काळात आम्ही एका उजाड डोंगरावर गावाकडून श्रमदानाने हजारो रोपं लावून घेतली, त्यातली बरीचशी अकेशियाची. रोपं उत्तम जगली. पुढे गावाने विचारलं, झऱ्याचं काय झालं? झरा होता त्याहून लवकर आटत होता. त्या लोकांनी उन्हात खांद्यावरून पाणी नेऊन ती रोपं जगवली होती, आणि आम्ही त्यांना लागवडीआधी खरं काय ते सांगितलं नव्हतं. त्याचं दुःख मला आजही आहे, आणि या उत्तरात हिशेब इतक्या बारकाईने मांडण्याचं कारणही तेच आहे.

रांजणाच्या पोटाबद्दल मात्र आपल्या हातात फारसं काही नसतं, ते खडक ठरवतो. घाटमाथ्याकडे काळ्या पत्थराचे थर एकावर एक बसलेले आहेत. दोन थरांच्या मधे कुठे तांबडी, चिकट पट्टी असते. वरून मुरलेलं पाणी त्या पट्टीवर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. म्हणून एकाच उंचीवर रांगेने झरे दिसतात. अशा झऱ्याला पाणी पुरवणारी जमीन बरोबर त्याच्या डोक्यावर असेलच असं नाही. थरांचा कल दुसरीकडे असेल तर पाणी डोंगराच्या पलीकडच्या अंगाने येत असतं. तुमच्या काजूच्या बागेकडे बोट दाखवण्याआधी हे एकदा एखाद्या भूजल जाणकाराला दाखवून घ्या. खाली किनाऱ्याकडे सडा आहे, जांभ्याचा. जांभा सच्छिद्र, त्याखाली पांढरट-पिवळी चिकण माती, आणि दोघांच्या सांध्यावर झरे. तिथे चिऱ्याची खाण निघाली की रांजणाचं पोटच कापून ट्रकमधून जातं. रान पुन्हा वाढू शकतं, निदान आशा तरी असते. चिरेखाणीने नेलेला जांभा पुन्हा येत नाही. सड्यावर कातळ फोडून कलमं लावण्यापेक्षा खाण झऱ्याला कितीतरी घातक आहे, आणि ग्रामपंचायतीत ना-हरकत देताना झऱ्याचा विषय निघतच नाही याची मला फार खंत वाटते.

जमिनीच्या वापरातला एक बदल कोणी मोजत नाही: पडीक पडलेली भातखाचरं. माणसं मुंबईला गेली, खाचरांचे बांध फुटले. खाचर म्हणजे उतारावरचं उथळ तळं. चार महिने त्यात पाणी उभं असतं आणि चिखलणी केलेली असली तरी तळातून, बांधातून थोडं थोडं झिरपत राहतं. पऱ्याच्या वरच्या अंगाची खाचरं पडली असतील, तर काजूच्या जोडीला तेही कारण धरा.

साकवाविषयी. रान होतं तेव्हा पूर यायचा नाही, असं म्हणता येणार नाही. जुलैत आठवडाभर संततधार झाली की रानातला रांजणही काठोकाठ भरतो, आणि त्यानंतर पडणारं पाणी जंगल असो वा बाग, खालीच येतं. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण बुडालं, त्या दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढ्या पावसाला कुठलंही जंगल थोपवू शकलं नसतं. फरक पडतो तो लहान आणि मध्यम पुरांत, लहान ओढ्यांवर. पूर्वी साकवाखालून जाणारा पाऊस आता साकवावरून जातो, हे तुमचं निरीक्षण या चौकटीत अगदी बसतं. मोठ्या पुरात उघड्या डोंगरांचा दोष वेगळ्या वाटेने येतो. वाहून आलेली माती आणि मुरूम नदीच्या पात्रात साचतात, पात्र उथळ होतं, आणि मग तेवढंच पाणी जास्त उंच चढतं. कोकणातली कित्येक जुनी गावं नदीला भरतीचं पाणी जिथवर येतं तिथे वसलेली आहेत, त्यामुळे गाळ आणि भरती एकत्र आल्या की पाण्याला जागाच उरत नाही.

आणखी एक सावधगिरी. तुमच्या पऱ्याची तुलना मोठ्या नदीशी करू नका. 'वाशिष्ठीला तर मेमध्येही पाणी असतं' असं कोणी म्हणालं, तर ते पाणी चिपळूणच्या डोंगरांनी धरून ठेवलेलं नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवायला मुभा दिली. वीज करून झाल्यावर ते वाशिष्ठीत सोडलं जातं. कुंडलिकेचंही तसंच, मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात येतं. डोंगरावरच्या बदलाचा ठसा बघायचा तर लहान, धरण नसलेला ओढाच बघावा लागतो.

धुक्याबद्दलही लोक विचारतात. दक्षिण अमेरिकेतल्या काही डोंगरी जंगलांत कोरड्या महिन्यांत धुकं असतं आणि पानांवर जमून ठिबकणारं पाणी ओढ्यांना खरंच जगवतं. आपल्याकडे आंबोलीला, महाबळेश्वरला दाट धुकं असतं ते ऐन पावसाळ्यात, जेव्हा पाणी आधीच भरपूर असतं. उन्हाळ्याच्या पऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न: करायचं काय? आणखी झाडं लावू नका, निदान आधी नको. काजू तोडायलाही सांगत नाही. काजूखालची जमीन झाका. तणनाशक थांबवा. गवत आणि तण मुळासकट न काढता कापून तिथेच पसरा. बी वेचायच्या दिवसांत झाडाच्या बुंध्याभोवतीचं वर्तुळ तेवढं साफ ठेवलं तर वेचणीला अडचण येत नाही, मधले पट्टे झाकलेले राहतात. पातेरा जाळू नका. वणव्याला जाळरेषा ठेवा आणि राखण करा. एका वणव्यात पाच वर्षांचा पातेरा जातो. रस्त्याचं गटार एकाच ठिकाणी पऱ्यात सोडलेलं असेल, तर ते दर वीस-तीस मीटरांवर फोडून पाणी झाडोऱ्यात पसरू द्या. हे काम दोन माणसं फावड्याने एका दिवसात करतात, आणि माझ्या पाहण्यात खर्चाच्या मानाने एवढा गुण दुसऱ्या कशाचा येत नाही.

पऱ्याच्या दोन्ही काठांना आणि झऱ्याच्या डोक्यावर एक पट्टा पूर्ण मोकळा सोडा. तिथे लावायचं काही नाही, गुरं आणि कोयता यांना बंदी करायची. जुने बुंधे आणि मुळं जिवंत असतील तर ऐन, किंजळ, जांभूळ आपसूक वर येतील. तुमच्या पंचक्रोशीत देवराई असेल तर तिच्यातली माती एकदा हातात घेऊन बघा, आपल्याला कुठे जायचं आहे ते कळेल. पडीक खाचरांचे बांध घालता आले तर घाला, त्यात भात लावलं नाही तरी चालेल.

एका कामाला मात्र ठाम विरोध करतो. कोणी योजना आणून उतारावर सलग समतल चर खणायला निघालं, तर घाई करू देऊ नका. कमी पावसाच्या माणदेशात चर उत्तम काम करतात. ३,५०० मिलिमीटर पावसाच्या, जाड मातीच्या, तीव्र उतारावर तेच चर पाणी मातीच्या थरात कोंबतात आणि दरड खाली येऊ शकते. खाली वस्ती असेल तर तो धोका घेऊ नये.

आणि मोजा. दोन्ही टोकं उघडी असलेला पत्र्याचा डबा घ्या, बोटभर जमिनीत ठोका, एक लिटर पाणी ओता आणि मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहा. काजूच्या टप्प्यावर पाच ठिकाणी, उरलेल्या रानात पाच ठिकाणी, देवराईत पाच ठिकाणी. दरवर्षी एकाच महिन्यात, त्याच जागी. तोंड किती उघडतं आहे ते यावरून कळेल, आणि झऱ्यात फरक दिसण्याच्या खूप आधी कळेल. पऱ्यासाठी बादली पुरते. एक ठरावीक जागा निवडा, जिथे सगळी धार एका पन्हाळीत घेता येईल. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी बादली किती सेकंदांत भरते ते शाळेच्या वहीत तारखेसह लिहा. ऑक्टोबरमध्ये धार मोठी असेल तर पिंप वापरा. शेजारच्या एखाद्या पऱ्याचीही नोंद ठेवा, ज्याच्या वरचं रान तुटलेलं नाही. त्याच्याशिवाय, कमी-जास्त झालं ते पावसामुळे की तुमच्या कामामुळे, हे सांगता येणार नाही. ग्लेनमॉर्गनला दोन ओढे मोजले ते याचसाठी.

पहिली तीन-चार वर्षं मार्चमध्ये काही दिसलं नाही तर काम सोडू नका. आधी बदल पावसाळ्यात दिसतो: गढूळ पाणी लवकर निवळायला लागतं, साकवावर पाणी कमी वेळा चढतं. मग पऱ्या आटण्याची तारीख सरकते, जानेवारीतून फेब्रुवारीत. मेपर्यंत पूर्वीसारखं पाणी येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. काजू उभी आहे तोवर ती पिणार. पण दहा मिलिमीटरांतले चार-पाच जरी परत मिळाले, तरी आटण्याची तारीख पुढे जाईल. वाडीतून झऱ्यावर जाणाऱ्या बायकांना विचारून त्यांच्या आठवणीतल्या जुन्या तारखा आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. शिमग्याला पाणी होतं का, गुढीपाडव्याला होतं का, अक्षय्य तृतीयेला होतं का, असं सणांवरून विचारलं की वीस-तीस वर्षांपूर्वीचंही नेमकं आठवतं. ती नोंद आणि दोन पऱ्यांचं एका वर्षाचं मोजमाप झालं की पाठवा. कुठल्या पट्ट्यात आधी काम करायचं ते त्यावरून ठरवू.